ताईची साक्ष

बैलाचा पाय मुरगळला तो नेमका तीळ घरोघर येऊन पडले तेव्हा. त्याआधी महिनाभर घाणा रिकामा होता, बैल उभ्या उभ्या रवंथ करत होता, तेव्हा त्याला काही झालं नाही. काम दाराशी आलं आणि हा गोठ्यातून बाहेर पडताना उंबऱ्याच्या दगडावरून असा घसरला की पुढचा पाय टेकवेना. जनावरांच्या डॉक्टरने पाय चाचपला, पट्टी बांधली आणि म्हणाला, "हंगामभर याच्या मानेवर काही ठेवू नका. ठेवलंत तर कायमचा बसेल."

घाणेवाल्याने डोक्याला हात लावला. ओसरीवर लोकांच्या तिळाची पोती आढ्याला भिडली होती. हवा कुंद होती. ढग यायचे, बरसायचे नाहीत, नुसतं दमट करून जायचे. ओल धरलेल्या तिळाचं तेल कडू निघतं, आणि एकदा कडू तेल हातात दिलं की गिऱ्हाईक पुढच्या वर्षी शहरातल्या गिरणीची वाट धरतं. दुसरा बैल मिळतो का म्हणून तो आजूबाजूला हिंडून आला. नांगरटीचे दिवस, आपला बैल कोण देतो? सगळ्यांनी चहा दिला.

"मी ढकलते," ताई म्हणाली.

ताई त्याची थोरली बहीण. लग्न होऊन गेली, नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन माहेरी परत आली. आल्या दिवसापासून तिने या घरात कुणाला पाण्याचा हंडा उचलू दिला नव्हता. घाणेवाल्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते, तिला वाकणंही जड जाई. आई म्हातारी. राहिला तो घाणेवाला. पण तो उखळीपाशी बसायचा. तीळ सारखे करणं, कोमट पाण्याचा हबका मारणं, पहारीने पेंड सैल करणं, हे ज्याच्या हाताला कळतं त्यानेच करायचं. निदान घाणेवाल्याचं म्हणणं तसं होतं. हे काम त्याला आईने शिकवलं होतं आणि आई अजून धडधाकट ओसरीवर बसलेली होती, ही गोष्ट त्या दिवशी त्याला आठवली नाही.

"तुला झेपेल का गं?" त्याने विचारलं, आणि ती हो म्हणायच्या आत दांड्याची दोरी सैल करायलाही घेतली.

दांड्यावर बैलासाठी दगड ठेवलेले असत, वजनासाठी. त्यातला एक धोंडा त्याने ताईसाठी उतरवून ठेवला. त्याचं त्यालाच फार बरं वाटलं.

पहिल्या दिवशी ताईला चक्कर आली. घाण्याभोवती जमीन गोल खचलेली होती, बैलांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या खुरांनी. त्या चरातून ती फिरत राहिली, फिरत राहिली आणि एकदम भिंतीला धरून ओकली. तोंड धुऊन परत आली.

"बैलाला बरी चक्कर येत नाही," ती म्हणाली.

"त्याच्या डोळ्यांवर झापड असते ना," घाणेवाला म्हणाला. मग थट्टेने खुंटीवरची झापड काढून पुढे केली. "बांध हवी तर."

ताई हसली. तोही हसला. बायको चुलीपाशी बसली होती, ती हसली नाही. झापड परत खुंटीवर गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून ताई डोळे मिटून फिरायला लागली. हात दांड्यावर, खांदा दांड्याला, डोळे बंद. चक्कर थांबली.

खांदा मात्र सोलवटला. रात्री अंगावरचं कापड कातडीला चिकटून बसे आणि ओढताना तिचा श्वास तेवढा मोठ्याने यायचा. मग तिने जुन्या गोधडीच्या तुकड्यांची गादी शिवली, पोत्याच्या कापडात, बंद लावून. ताईची शिवण अशी की टाका शोधावा लागे. ती गादी खांद्यावर बांधून ती फिरे. काही दिवसांत गादीला तिच्या खांद्याची खोबण पडली.

"या घरात स्वतंत्र असा एकच," आई गोठ्याकडे बघून म्हणायची. "खातो, पितो, लोळतो. त्याला म्हणावं, तू तरी चर्चमध्ये उपासनेला जात जा."

*

चर्चचे पाळकसाहेब आले तेव्हा ताई ओढ्यावर गेली होती. पाळक स्वभावाने भला माणूस. एक दोष सोडला तर: कुणाच्याही दारात गेला की घरातल्या कर्त्या पुरुषाशी बोलायचं आणि निघायचं, एवढंच त्याला माहीत होतं.

"कारभारी, आनंदाची बातमी आहे," पाळक पोत्यावर टेकत म्हणाले. घाणेवाला मंडळीचा कारभारी होता. चर्चची किल्ली, दिव्यांचं तेल आणि स्वातंत्र्यदिनाचा झेंडा त्याच्याकडे. "दवाखान्याच्या डॉक्टरबाईंचा निरोप आलाय. तुमच्या ताईंचं शिवणकाम आमच्या हिने दाखवलं होतं ना त्यांना? कपड्यांच्या खोलीत जागा आहे. चादरी, उशा, डॉक्टरांचे डगले. राहायला स्वतंत्र खोली देतात. खिडकीवाली. ताई येतात का, एवढं विचारून कळवा म्हणाल्या."

घाणेवाल्याच्या हातात पहार होती. ती त्याने पेंडीत खुपसली आणि तशीच धरून ठेवली.

ताईने या निरोपाची वाट किती दिवस बघितली होती ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ट्रंकेत तिने कात्री तेल लावून ठेवली होती, शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान ठेवलं होतं, एक कोरी साडी ठेवली होती. रस्त्यावर गाडी वाजली की तिचा हात क्षणभर दांड्यावर थांबायचा. "खोली असते म्हणे तिथे," ती वहिनीला म्हणाली होती. "आतून कडी लावता येते." या वयाच्या बाईने कडीचं कौतुक करावं याचं घाणेवाल्याला तेव्हा हसू आलं होतं.

त्याने ओसरीवरच्या पोत्यांकडे बघितलं.

"विचारलं मी तिला मागेच," तो म्हणाला. "ती तयार नाही."

"अरे! का बरं?"

"म्हणते, भावाचं घर सोडून कुठे जाऊ? आईचं वय झालं, वहिनीचे दिवस भरले. नकोच म्हणते."

"धन्य आहे बाई," पाळक म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरंच पाणावले. "असा त्याग हल्ली बघायला मिळत नाही. बरं, मी डॉक्टरबाईंना सांगतो. तरी त्या लगेच कुणाला घेत नाहीत म्हणा, महिनाअखेरपर्यंत थांबतील." प्रार्थना करून पाळक गेले. प्रार्थनेत त्यांनी ताईचं नाव दोनदा घेतलं. दोन्ही वेळा घाणेवाल्याच्या मानेवरून मुंगी गेल्यासारखं झालं.

ताई धुणं घेऊन आली. वाळत घालता घालता तिने विचारलं, "पाळकसाहेब येऊन गेले का रे? वाटेत लांबून दिसले."

"हो."

"काही म्हणाले? दवाखान्याचं?"

हे उत्तर त्याने ठरवलं नव्हतं. पण एक खोटं बोललं की दुसरं त्याच्या मागोमाग दारात उभंच असतं. "त्यांनी दुसरी कुणी घेतली," तो म्हणाला. "तरणी हवी होती त्यांना."

ताईच्या हातातलं ओलं कापड तसंच राहिलं. मग तिने ते झटकलं, दोरीवर टाकलं, टोकं जुळवली. "बरोबर आहे," ती म्हणाली. "माझे डोळे तरी आता कुठे राहिलेत." आणि गादी खांद्याला बांधून घाण्याला लागली. त्या दिवशी तेल चांगलं निघालं.

हंगाम संपला की खरं सांगून टाकू, असं त्याने स्वतःला समजावलं. हंगाम संपेपर्यंत महिनाही संपणार होता, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. बायकोने पडवीतून सगळं ऐकलं होतं. ती मूग गिळून बसली, कारण ताई गेली तर हंडे कोण उचलणार हा हिशेब तिच्याही पोटाशी होता. पण त्या दिवसापासून ती नवऱ्याच्या ताटात वाढताना त्याच्या तोंडाकडे बघेनाशी झाली.

*

देश स्वतंत्र झाला तो दिवस दर वर्षी मंडळी चर्चमध्येच पाळायची. आधी उपासना, मग अंगणात झेंडा. दोरी घाणेवाला ओढायचा. पण झेंड्याला तो हात लावत नसे. घाणेवाल्याचे हात कितीही घासले तरी तेलाचे ते तेलाचेच. एका वर्षी त्याने घडी घातली होती आणि झेंड्याच्या काठावर त्याचा अंगठा उमटला होता, तो ताईने राखेने, साबणाने, उन्हाने कसाबसा काढला. तेव्हापासून इस्त्री, घडी आणि गाठ ताईची. तिची गाठ अशी की एका हिसक्यात सुटे, आणि हिसका दिल्याशिवाय वादळातही सुटत नसे.

आदल्या दिवशी ती ओसरीवर झेंडा मांडीवर घेऊन बसली होती. नखाने काठ दाबत होती. घाणेवाला भाषणाची उजळणी करत येरझाऱ्या घालत होता. भाषण दर वर्षीचं तेच, आजोबांचं.

"आजोबांचं सांगताना बेडीचं नको घालूस," ताई म्हणाली. "बेडी नव्हती त्यांना."

"बेडी घातली की लोक ऐकतात."

"अरे पण नव्हती. नुसता हुकूम होता. तेच जास्त वाईट."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. हुकूम हा शब्द ऐकून घाणेवाला खोकला आणि पाणी प्यायला आत गेला.

सकाळी चर्च भरलं होतं. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे, खिडक्यांतून कोंदट हवा. पहिल्या बाकावर घंटावाला म्हातारा. त्याला ऐकू येत नसे. पण साक्षीला किंवा भाषणाला उभा राहिलेला माणूस खाली बसला, की तो छाती भरून "आमेन!" म्हणायचा. कुणी काय सांगितलं याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. बसला की आमेन. एकदा एक बाई नुसतीच पदर नीट करायला उठून बसली, तरी तिला आमेन मिळालं होतं.

घाणेवाला उभा राहिला. आवाज त्याला देवाने चांगला दिला होता.

"माझे आजोबा याच गावात घाणा चालवायचे," तो म्हणाला. "परक्यांचं राज्य होतं. त्यांच्या छावणीला तेल लागायचं. एका वर्षी जनावरांत रोग आला, बैल मेले. तर त्यांनी आजोबांना दांड्याला जुंपलं. माणसाला! सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. येतोस का, असं त्यांना कुणी विचारलं नाही. तुला चालेल का, असं कुणी विचारलं नाही. आणि ज्या दिवशी देश स्वतंत्र झाला, त्या दिवशी आजोबांनी दांडा सोडला, इथे आले आणि याच चर्चची घंटा..."

तो बोलत होता आणि त्याचेच शब्द त्याच्या कानात आत कुठेतरी अडकत होते. माणसाला जुंपलं. कुणी विचारलं नाही. दर वर्षी ही वाक्यं कशी सुरळीत निघायची. या वर्षी त्याने घाम पुसला. लोकांना वाटलं गहिवरला. दोन-तीन बायकांनी डोळ्याला पदर लावला.

"एक स्वातंत्र्य देशाने दिलं," त्याने घाईघाईने शेवट गाठला. "दुसरं प्रभूने दिलं. ते आतलं. पापाच्या गुलामीतून. ज्याला प्रभूने मोकळं केलं त्याने दुसऱ्याला बांधून ठेवू नये, आणि स्वतः बांधून घेऊ नये. एवढं बोलून मी थांबतो."

तो बसला.

"आमेन!" घंटावाला म्हणाला.

"आता कुणाला साक्ष द्यायची असेल," पाळक म्हणाले, "प्रभूने मला कशातून मोकळं केलं, ते त्याने सांगावं."

शिंप्याने दारू सुटल्याचं सांगितलं. ते तो दर वर्षी सांगे आणि दर वर्षी ते नव्याने खरं असे. मग बायकांच्या बाजूला हालचाल झाली आणि ताई उभी राहिली. घाणेवाल्याने मान वळवली. ताईने आजवर कधी साक्ष दिली नव्हती. पदर खांद्यावर ओढून तिने गादीच्या बंदांचा लाल वळ झाकला होता, पण मानेपाशी तो दिसत होता.

"मला बोलता येत नाही," ती म्हणाली. "पण माझ्या मनात राग होता, तो सांगते. मला दवाखान्यात जायचं होतं. शिवणाच्या कामाला. फार इच्छा होती. त्यांनी दुसरी तरणी बाई घेतली. मला त्या बाईचा राग आला. मी तिला बघितलं पण नाही, पण रोज घाण्याभोवती फिरताना मी तिला मनात बोल लावत होते. हे पाप आहे. आज मी त्या रागातून मोकळी झाले. तिचं भलं होवो. आणि माझ्या भावाने मला घर दिलं, कामात धोंडा कमी केला, मला कधी टाकून बोलला नाही, म्हणून मी त्याच्यासाठी प्रभूचे आभार मानते."

ती बसली.

"आमेन!"

घाणेवाल्याने पाळकांकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. ती बोलत असतानाच पाळकांच्या हातातलं गीतांचं पुस्तक मिटलं गेलं होतं, आणि पुढचं गीत कुठलं ते सांगायला त्यांना फार वेळ लागला. घाणेवाल्याला कानशिलं तापलेली जाणवली, मग गाल, मग डोळ्यांच्या मागे. समोरच्या बाकाच्या लाकडावर एक गाठ होती. त्या गाठीकडे तो बघत राहिला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. जमीन काही दुभंगली नाही. बाकाखाली एक मुंगळा चालला होता, तो निवांत पलीकडे गेला.

अंगणात सगळे गोल उभे राहिले. त्याने दोरी धरली. आज निदान गाठ तरी अडकावी, आपली फजिती व्हावी, लोकांनी हसावं, तेवढीच शिक्षा, असं त्याला वाटलं. त्याने हिसका दिला. ताईची गाठ. झेंडा पहिल्याच हिसक्याला सुटला आणि त्या कोंदट हवेतही कुठूनशी झुळूक आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पांगापांग होताना पाळक त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. वर झेंड्याकडे बघत म्हणाले, "चूक माझीपण आहे. मी त्यांना विचारायला हवं होतं. बाई ओढ्यावर होत्या, चार पावलं चाललो असतो तर काय बिघडत होतं?" आणि मग हळूच, "जागा अजून आहे, कारभारी. डॉक्टरबाईंना मी काय सांगू?"

घाणेवाला दोरीचं टोक काठीला गुंडाळत राहिला. पाळकांनी वाट बघितली आणि ते लहान मुलांना गोळ्या वाटायला गेले.

*

सुट्टी सगळ्या देशाला होती, तिळाला नव्हती. दुपारी ताईने उपासनेची साडी सोडून जुनी नेसली, गादी बांधली. घाणेवाल्याने उखळीत तीळ ओतले. दांडा करकरला आणि फिरायला लागला. डोळे मिटलेली ताई त्याच्या समोरून जाई, मागे जाई, पुन्हा समोर येई. प्रत्येक फेरीला तो सांगायचं ठरवी, आणि ती समोर आली की हबका मारी. तिळातून तेल सुटायला लागलं.

"पाणी जास्त होतंय," आई ओसरीवरून म्हणाली. "लक्ष कुठंय?"

"ताई," तो म्हणाला. "थांब जरा."

"आत्ता? तेल सुटतंय."

"थांब."

ती थांबली. डोळे उघडले. चरातल्या चरात दांड्याला टेकून उभी राहिली.

"दवाखान्याने कुणी दुसरी घेतली नाही."

ताईने दांड्यावरचा हात काढला.

"त्यांनी तुलाच बोलावलं होतं. पाळक तेच सांगायला आले होते. मी म्हटलं, तू तयार नाहीस."

"मी?"

"तू नको म्हणालीस, असं मी सांगितलं. बैल असा बसलेला, पोती लागलेली... मला सुचलं नाही काही. हंगाम झाला की सांगणार होतो."

ओसरीवर आईची सुपातली बोटं थांबली. बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. गोठ्यात बैल तेवढा रवंथ करत होता.

घाणेवाला तोंडावर थप्पड येईल म्हणून थांबला. ताईने लहानपणी त्याला कडेवर वागवलं होतं, तिचा तो हक्क होता. थप्पड आली असती तर त्याने ती कुरवाळून ठेवली असती. पण ताई नुसती त्याच्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. लाज तिला वाटत होती. त्याला ते आधी कळलंच नाही.

"मी सकाळी उभी राहिले," ती म्हणाली. "सगळ्या मंडळीसमोर. जी बाई नाहीच, तिला क्षमा केली. पाळकांना माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे मी बोलत होते तेव्हा ते ऐकत होते, आणि त्यांना माहीत होतं." तिने पदराने तोंड पुसलं. "जागेचं मेलं एक वेळ राहू दे. तू मला देवाच्या घरात खोटं बोलायला लावलंस, बाबू. मला माहीत नसताना. माझ्या तोंडून."

"ताई, मी—"

"आजोबांना कुणी विचारलं नाही म्हणून गळा काढतोस. मला विचारलंस?"

"नाही."

"मी हंगाम काढून गेले असते रे," ताई म्हणाली, आणि आत्ता कुठे तिचा आवाज फुटला. "तू विचारलं असतंस ना, ताई थांबतेस का, तर मी डॉक्टरबाईंना महिनाभर थांबा म्हणून सांगून आले असते. चालत जाऊन सांगून आले असते."

तिने गादीचे बंद सोडले. गादी झटकली, दांड्यावर ठेवली आणि आत गेली. आतून ट्रंकेच्या कडीचा आवाज आला. वहिनी मागे गेली; दोघींचं हळू काहीतरी बोलणं झालं, एक हुंदका आला, तो वहिनीचा होता. ताई बाहेर आली ती कोरी साडी नेसून, ट्रंक हातात. आईच्या पाया पडली. आई म्हणाली, "कडी घट्ट लावत जा."

घाणेवाला ट्रंक घ्यायला पुढे झाला.

"तेलाचे हात लावू नको," ताई म्हणाली. "उखळीत तीळ आहेत ते बघ. लोकांचे आहेत. बसले की वाया जातील." फाटकापाशी ती वळली. "येत्या रविवारी मी इथे नसेन. माझी साक्ष खोटी पडलीय. ती तू दुरुस्त कर."

ती पाळकांच्या घराच्या दिशेने गेली. चालताना तिचा एक खांदा खाली झुकलेला होता, दांड्याच्या बाजूचा. तो आधीपासून तसा होता की या हंगामात झाला, हे त्याला आठवेना.

"उभा काय राहिलास?" आई म्हणाली. गुडघ्यावर हात टेकत ती उखळीपाशी येऊन बसली आणि पहार हातात घेतली. "तुला हे शिकवलं कुणी? ढकल."

घाणेवाल्याने गादी खांद्यावर बांधली. खोबण ताईच्या खांद्याची होती, त्याच्या खांद्यावर ती भलत्याच जागी आली आणि हाडावर टाका रुतायला लागला. त्याने उतरवून ठेवलेला धोंडा उचलून परत दांड्यावर ठेवला आणि ढकललं. थोड्याच फेऱ्यांत भिंत फिरायला लागली, दार फिरायला लागलं, दारातली बायको फिरायला लागली.

"झापड देऊ का?" आईने विचारलं. ती थट्टा करत नव्हती.

तो भिंतीपाशी जाऊन ओकला, तोंड धुतलं आणि परत आला. उखळीतली ती घाणी त्याने संपवली.

उन्हं कलल्यावर त्याला झेंडा आठवला. धावत गेला तर काठी रिकामी होती. पाळकांच्या ओट्यावर झेंडा घडी करून ठेवलेला, काठाला काठ.

"ताई जाताना उतरवून गेल्या," पाळक म्हणाले. "म्हणाल्या, तुमच्या हातांना तेल असेल. दवाखान्याची गाडी पेशंट घेऊन चालली होती, त्यात बसवून दिलं मी."

घाणेवाल्याने हात पाठीमागे घेतले. "रविवारी मला साक्ष द्यायची आहे," तो म्हणाला.

*

रविवारी चर्च नेहमीसारखंच अर्धं भरलं होतं. बायकांच्या बाजूला खांबाजवळची ताईची जागा कुणी घेतली नव्हती. साक्षीची वेळ झाली आणि घाणेवाला उठला, तेव्हा लोक जरा सैल होऊन बसले. कारभाऱ्याची साक्ष म्हणजे लांब. शिंप्याने पाय ताणले. घंटावाल्याने हात छातीवर घेतले आणि त्याच्याकडे डोळे लावले.

वाटेत त्याने बरंच जुळवलं होतं. बैलापासून सुरुवात करायची, हवा कशी कुंद होती ते सांगायचं, माणूस दुर्बळ आहे असं म्हणायचं, मग हळूच मुद्द्यावर यायचं. उभा राहिल्यावर त्यातलं काही तोंडात येईना. गादीचा टाका जिथे रुतला होता तिथे सदरा चिकटला होता.

"ताईची साक्ष खोटी नव्हती," तो म्हणाला. त्याचा चांगला आवाज आज कुठे गेला होता कोण जाणे. "खोटं माझं होतं. दवाखान्याने तिलाच बोलावलं होतं. मी तिला न विचारता नाही सांगितलं, आणि तिला सांगितलं, दुसरी घेतली. मला घाणा ओढायला कुणीतरी हवं होतं. म्हणून. माझ्या बहिणीला मी बैलाच्या जागी लावलं, आणि स्वातंत्र्याचं भाषण केलं."

खिडकीचं दार वाऱ्याने हललं. शिंप्याने पाय आत घेतले. घाणेवाल्याच्या बायकोने आपल्या पोटावर हात ठेवला आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. पाळक खाली बघत होते. बाकी सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि घाणेवाल्याला वाटलं, याहून दांडा बरा, तिथे डोळे मिटता येतात.

सांगायचं ते संपलं होतं. आता फक्त बसायचं राहिलं होतं. पहिल्या बाकावर म्हातारा मान पुढे काढून, छाती भरून तयार होता. तो बसला की त्याला आमेन मिळणार होतं, दारू सोडणाऱ्या शिंप्याला मिळतं तसं, पदर नीट करणाऱ्या बाईला मिळालं तसं. बायकोने लांबूनच त्याला बसायची खूण केली.

तो बसला नाही.